लेबलावरचा मोगरा

बेलापूर नावाच्या रेल्वे स्थानकावर जो उतरतो तो श्रीरामपुरात उतरतो. प्रवरेकाठचे मूळ बेलापूर तेथून काही किलोमीटर दूर. आम्हां बेलापूरकरांना हे ठाऊक असते, परका फसतो. नाव आणि वस्तू यांतील ही फट आम्हांला नुकतीच पुन्हा आठवली ती अत्तराच्या एका कुपीमुळे. वेष्टनावर मोगरा, चंदन आणि पहिल्या पावसाची माती अशा तीन 'नोट्स' छापलेल्या. आत लिंबू आणि फरशी पुसण्याचे द्रावण! तक्रार केली, तर विक्रेत्याने सौंदर्यशास्त्रच ऐकवले. गंध व्यक्तिनिष्ठ असतो, तो त्वचेगणिक बदलतो, आणि ही नावे तर काव्यात्म.

त्वचेच्या उष्णतेने द्रव्ये कमीअधिक वेगाने उडतात, हे खरे. लिंबाचा वास लवकर विरतो, चंदन मागे रेंगाळते. पण जे कुपीत नाहीच ते त्वचा कोठून आणणार?

आमचा खरा आक्षेप 'काव्यात्म' या शब्दाला आहे. लक्षणा आम्हीही वर्गात शिकवतो. 'गंगेवर गवळीवाडा' म्हटले की प्रवाहावर वस्ती अशक्य, हे श्रोत्याला आधीच कळते; मम्मटाने लक्षणेला मुख्यार्थबाधाची अट घातली ती उगीच नव्हे. अत्तर घेणाऱ्याला असा बाध कसा जाणवावा? कनौजचे कारागीर भाजलेल्या मातीचे खरोखरच ऊर्ध्वपातन करतात आणि तिची वाफ चंदनतेलात मुरवतात. ते 'मिट्टी अत्तर' वाच्यार्थानेच मातीचे. उलट 'लिली ऑफ द व्हॅली' या फुलाचे तेल ऊर्ध्वपातनाने हाती लागत नाही. शतकाहून अधिक काळ त्याचा गंध हायड्रॉक्सीसिट्रोनेलालसारख्या कृत्रिम द्रव्यांतून रचला जातो. लेबलावर मात्र माती आणि लिली एकाच टायपात छापतात. विकताना वाच्यार्थ हवा, जाब विचारला की लक्षणा! मम्मटाला असा वकील मिळाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नव्हते.

परवा एका विद्यार्थिनीने ओंजळीतला ताजा मोगरा हुंगला आणि म्हणाली, "सर, याला मोगऱ्यासारखा वास नाही." आम्ही निरुत्तर झालो.

कृत्रिम द्रव्यांवर आमचा राग नाही. रचलेला गंध उत्तम असू शकतो. तो रचलेला आहे, एवढे लिहावे. जागा नाही, ही सबब तर सांगूच नये. आमच्या कुपीच्या वेष्टनावर चंद्र, झरा आणि एक हरिण मावले होते.