आवाज आणि ताकद

पावसाळ्यातल्या कोणत्याही रविवारी सकाळी पौडच्या रस्त्यावर पाच मिनिटे उभे राहावे. ताम्हिणी घाटाकडे निघालेल्या मोटारसायकलींची रांग संपता संपत नाही. त्यांतल्या काहींचे सायलेन्सर मुद्दाम बदललेले असतात. गाडी दिसण्याआधी तिचा आवाज येतो आणि गाडी गेल्यावरही तो डोंगरातून परत येत राहतो. आमच्या वर्गातली मुले आवाजावरून गाडीचे नाव ओळखतात आणि शेवटी ठरलेला शेरा मारतात, “काय पॉवर आहे!” या शेऱ्याबद्दलच मला चार शब्द लिहायचे आहेत. आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी, हे समीकरण आपण शिकलो तरी कुठे?

माझ्यापुरते उत्तर सरळ आहे. मी ते मोबाईलवरच्या शर्यतीच्या खेळांतून शिकलो. कानात हेडफोन घालून रात्ररात्र मी मोटारी पळवल्या आहेत, आणि त्या खेळांना नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. १९८२ सालच्या ‘पोल पोझिशन’ या खेळात यंत्रातून निघणारा एक साधा सूर वेगाबरोबर वर चढत असे. आजच्या चांगल्या खेळांसाठी खऱ्या मोटारी निरनिराळ्या वेगाने फिरवून ध्वनिमुद्रण करतात. ॲक्सिलरेटर दाबलेला असतानाचा आवाज वेगळा आणि सोडल्यानंतरचा वेगळा. मग खेळ हे तुकडे एकमेकांत बेमालूम मिसळतो. कान फसतात, इतके ते काम सफाईचे असते.

पण एक गोष्ट विसरता कामा नये. खेळातल्या मोटारीची ताकद आधीच आकड्यांच्या तक्त्यात लिहून ठेवलेली असते. आवाज तिला मागाहून जोडतात. त्या मोटारीला बैलांच्या घुंगरांचा आवाज जोडला, तरी ती तितक्याच वेगाने पळेल!

खऱ्या इंजिनात काय होते? हवा आणि पेट्रोल आत घ्यायचे, दाबायचे, पेटवायचे आणि उरलेला धूर बाहेर फेकायचा, अशा दट्ट्याच्या चार चाली असतात. या चारांपैकी काम देणारी चाल एकच. तेवढ्यात मुख्य दांडा दोन फेरे पूर्ण करतो. म्हणजे एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६०० फेरे फिरत असेल, तर त्यात सेकंदाला ५ स्फोट होतात, आणि ते आपल्याला सुटे सुटे ऐकू येतात. चार सिलिंडरांची मोटार ६००० फेऱ्यांवर असेल, तर सेकंदाला २०० स्फोट होतात. ते वेगळे ऐकू येत नाहीत, त्यांचा एक सलग सूर होतो. सूर किती उंच, यावरून स्फोट किती वेळा होतात ते समजते. प्रत्येक स्फोटाने दट्ट्याला किती जोराने ढकलले, हे त्या उंचीवरून समजत नाही. आणि ताकद म्हणजे तर या दोन्हींचा गुणाकार. दांड्याला मिळणारा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, गुणिले फेऱ्यांचा वेग.

कट्ट्यावरचे नेहमीचे भांडण घेऊ. नवी बुलेट ३४९ सीसीची. तिचा टॉर्क ४००० फेऱ्यांवर २७ न्यूटन-मीटर आणि ताकद ६१०० फेऱ्यांवर सुमारे २० अश्वशक्ती. यामाहाची आर-१५ अवघी १५५ सीसीची. टॉर्क जेमतेम १४, पण इंजिन १०,००० फेऱ्यांपर्यंत जाते आणि तिथे १८ अश्वशक्तीहून थोडी अधिक ताकद देते. एकीचा आवाज छातीत धडधडतो, दुसरीचा भुंग्यासारखा. कान सांगतो की दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे; गणित सांगते की फरक दोनेक अश्वशक्तीचा आहे. फरक आहे तो ही ताकद कोणत्या वेगाला मिळते यात.

इथे मला आमच्या आबांची आठवण सांगितली पाहिजे. मी लहान असताना वीज नसली की ते विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन लावत. इंजिन ओढ्याकाठी आणि आबा घराच्या ओटीवर. गप्पा चालू असताना ते मध्येच उठत आणि म्हणत, “पट्टा निसटलाय बघ. इंजिन हलकं वाजतंय.” आम्ही धावत जाऊन पाहावे, तर खरोखरच पट्टा जमिनीवर आणि पाणी बंद! पट्टा सुटला की इंजिन क्षणभर उधळते. मग गव्हर्नर त्याचे डिझेल कमी करतो. फेरे जवळजवळ तेवढेच राहतात, पण प्रत्येक स्फोटातला जोर नाहीसा होतो. आबांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. टॉर्क हा शब्द त्यांना ठाऊक नाही. पण इंजिन भारावर आहे की रिकामे फिरते आहे, हे त्यांना दोनशे पावलांवरून समजत होते. आवाज ते आम्हीही ऐकत होतो. त्या आवाजाला “काम होतंय का?” हा प्रश्न मात्र ते एकटेच विचारत होते.

मी तो प्रश्न विचारला नाही. गेल्या उन्हाळ्यात लग्नांत वाढप्याचे काम करून मी पैसे साठवले आणि कॉलेजला येण्यासाठी घेतलेल्या जुन्या गाडीला मोठ्या आवाजाची नळी बसवली. आबा म्हणाले, “वाजतीय भारी. पण ओढतीय का?” दुसऱ्याच दिवशी भाताचे पोते मागे बांधून गिरणीचा चढ चढलो. आवाज दुप्पट, चढ तोच, आणि खालचा गिअर मात्र पूर्वीपेक्षा आधी टाकावा लागला. आठवड्याने मी जुना सायलेन्सर परत लावला. पैसे गेले ते गेलेच.

याचे कारण पुढे वाचनात समजले. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा कामी येतो. बाकीची बहुतेक उष्णता होऊन धुराबरोबर आणि इंजिनाच्या अंगावाटे निघून जाते. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजातली ऊर्जा या हिशेबात नगण्य असते. शर्यतीच्या गाडीची नळी मोकळी असते हे खरे, पण तिथे नळीची लांबी, झडपांची वेळ आणि इंधनाचे मिश्रण यांचा मेळ बसवलेला असतो. नुसती नळी बदलली की तो मेळ उलट बिघडू शकतो.

कोणी म्हणेल, आवाज आवडतो म्हणून ऐकतो, त्यात बिघडले काय? आवडीला माझी हरकत नाही. आता तर मोटारींचे कारखानेही ती आवड ओळखून आहेत. २०११ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या ‘एम-५’ मोटारीत इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरमधून वाढवून ऐकवत. विजेच्या मोटारी इतक्या शांत, की पादचाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून युरोपात २०१९ पासून त्यांना कृत्रिम आवाज सक्तीचा होऊ लागला. खेळाने खऱ्या मोटारीची नक्कल केली, आता खरी मोटार खेळाची नक्कल करते आहे. पण हेडफोनमधला आवाज माझ्या एकट्याचा असतो. घाटाच्या वाटेवरचा आवाज अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीलाही ऐकावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले १९० वे कलम अशा आवाजाला गुन्हाच मानते. तरी दंडाच्या भीतीपेक्षा त्या म्हातारीची आठवण आपल्याला पुरेशी वाटायला हवी.

आणि ताकदच पाहायची असेल, तर त्याच वाटेवर मुळशीचे धरण आहे. तिथले पाणी सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरते. सेकंदाला एक घनमीटर पाणी एवढे खाली आले, तर त्याची ताकद साडेसहा हजार अश्वशक्तीच्या घरात जाते. म्हणजे साडेतीनशे आर-१५ एकदम! धरणाच्या काठावर मात्र त्याचा आवाज नाही. याच पाण्याखाली मावळ्यांच्या जमिनी गेल्या. त्या वाचवण्यासाठी १९२१ च्या रामनवमीला इथे सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे सेनापती बापटांनी तो लढवला. आज त्या काठावरून आपण नळ्या गर्जवत जातो. पाण्याखाली कोणाची शेते आहेत, हे किती जणांना ठाऊक असते?

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. इंजिन हा आपला विषय नव्हे, असे आपण सहज म्हणतो. पण मोठा आवाज आणि खरी ताकद यांतला फरक केवळ इंजिनापुरता नाही. तो सभेत लागतो, निवडणुकीत लागतो, आपल्या वादविवाद स्पर्धेतही लागतो. पुढच्या वेळी कोणी “काय पॉवर आहे!” म्हणाले, की आबांचा प्रश्न विचारून पाहावा. वाजतंय भारी, पण ओढतंय का?