ओवाळणी

गेल्या भाऊबिजेला भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला ताईकडे गेलो होतो. दूरदर्शनवर साबणाच्या भुकटीची जाहिरात लागली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला.

भाच्याला म्हटलं, “१९४१ साली लक्सने लीला चिटणिसांना पुढे केलं. नटीचं रूप वडीतून मिळेल, अशी आशा विकली. ऐंशीच्या दशकात सर्फची ललिताजी आली. कविता चौधरी ते काम करीत. ललिताजी पैशापैशाचा हिशेब करणारी शेजारीणच वाटे. म्हणून तिचं पटे. पण धुणं बाईनेच धुवायचं, हे तिथेही ठरलेलंच! जाहिरात आपल्याच घरातल्या समजुती उचलते नि आपल्यालाच विकते. २०१५ साली एरियलने विचारलं, हे काम एकट्या बाईचंच का? त्या प्रश्नावरही भुकटीच विकली म्हणा!”

व्याख्यान छान रंगलं होतं. भाचा हळूच म्हणाला, “मामा, आई मागीलदारी तुमचाच सदरा धुतेय.”

आता काय बोलणार? निमूट उठलो, सदरा पिळला, दोरीवर वाळत घातला.

ताई हसून म्हणाली, “ओवाळणी पोचली हो, प्रोफेसर! आता बादलीतली उरलेली पण घाला.”