प्रारंभसूचीतले दहा सेकंद

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. महाविद्यालयांतील जुन्या संगणकांवर विंडोजशेजारी सी-डॅकची 'बॉस' लिनक्स बसवावी, हे उत्तम; पण संगणक सुरू होताना दिसणाऱ्या सूचीकडे कोणी पाहायचे? ती सूची दाखवणाऱ्या 'ग्रब'मध्ये २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणालींचा शोध सुरक्षेसाठी मुळातच बंद असतो. विंडोज दिसत नाही, विद्यार्थी घाबरतो आणि (माहिती शाबूत असूनही) लिनक्सच पुसून टाकतो! वस्तुतः ग्रबच्या सेटिंगमधील एक ओळ बदलून सूची पुन्हा तयार केली, की विंडोज बहुधा परत दिसते. याउलट, विंडोज पहिली ठेवून प्रतीक्षेचा अवधी शून्य केला, तर बसवलेली लिनक्स कुणाच्या नजरेस पडणार? प्रयोगशाळेत हा अवधी निदान दहा सेकंद ठेवावा आणि तो बदलण्याचा पाठ पहिल्याच तासिकेला घ्यावा.