माशाचे झडलेले पर आणि आपले हात



घरच्या फिश टँकमधील गोल्डफिशची किंवा फायटरची शेपटी झडू लागली की अनेकांचा हात औषधांच्या डब्याकडे जातो. ‘उरलेली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकावी काय?’ असे रक्तदाब मोजून घेता घेता मला विचारले जाते. माझे उत्तर एकच असते: टाकू नये. त्याने फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू मरतात आणि पाणी अधिकच बिघडते. शिवाय तेच पाणी पुढे मोरीत गेले की औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंना बळ मिळते.

प्रथम जखम नीट पाहावी. पराची, म्हणजे माशाच्या पंखाची, कड स्वच्छ फाटलेली असेल, तर दुसऱ्या माशाने चावा घेतला असावा किंवा प्लॅस्टिकच्या टोकदार झाडाला पर घासला असावा. कड पांढुरकी वा लालसर, झिजलेली असेल आणि रोज थोडी मागे सरकत असेल, तर ती जंतूंमुळे होणारी कुज समजावी. तिचे मूळ बहुधा पाण्यातच असते. उरलेले खाद्य आणि विष्ठा यांपासून अमोनिया तयार होतो. मासा त्याने अशक्त होतो आणि जंतूंना वाट मिळते.

म्हणून पहिला उपचार पाण्याचा. रोज किंवा एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलावे. टाकी चाळीस लिटरची असेल तर दहा लिटर. आपल्या मराठवाड्यात अनेक ठिकाणी नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. नळाच्या ताज्या पाण्यातील क्लोरीन माशाला घातक असते. ते रुंद तोंडाच्या भांड्यात चोवीस तास उघडे ठेवून मगच वापरावे. केवळ आरओचे पाणी घालू नये, त्यात आवश्यक क्षार फार कमी असतात. उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून दूर असावी; नवे व जुने पाणी सारख्याच तापमानाचे असावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.

चावणारा मासा असल्यास जखमी मासा वेगळ्या भांड्यात ठेवावा. तेथे लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात खडेमीठ काट्यावर मोजून, आधी विरघळवून, थोडे थोडे घालता येते. पाणी बदलताना मीठ बदललेल्या पाण्यापुरतेच पुन्हा घालावे. पाणवनस्पती आणि मिशीवाले मासे यांना मीठ सोसत नाही.

सुधारणेची खूण म्हणजे कडेला दिसणारी पातळ, पारदर्शक नवी झालर. पर पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. मुळापर्यंत नष्ट झालेला पर मात्र सहसा परत येत नाही. आठवडाभरात कुज थांबली नाही किंवा माशाने खाणे सोडले, तर जाणकाराला विचारावे. परभणीत पशुवैद्यकीय आणि उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तेथे चौकशी करावी.

आता आपल्या हातांविषयी. टाकीच्या पाण्यात ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा क्षयजंतूंच्या कुळातील जिवाणू असू शकतो. तो त्वचेवरील लहानशा चिरेतून शिरतो. काही आठवड्यांनी बोटावर वा हातावर न भरणारी गाठ किंवा व्रण दिसतो आणि उपचार कित्येक महिने चालतात. मधुमेह असलेल्यांनी, स्टेरॉइड घेणाऱ्यांनी आणि हातावर जखम असलेल्यांनी लांब रबरी हातमोजे घातल्याशिवाय टाकीत हात घालू नये. नळीने पाणी ओढताना तोंड लावू नये. नंतर हात साबणाने धुवावेत. अशी गाठ आलीच, तर घरी मासे आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एरवी हा प्रश्न विचारला जाईलच असे नाही.

काळजीवाहकांना एक विनंती. दहा लिटरची बादली उचलणे, ओली फरशी पुसणे, हात घालण्यापूर्वी हीटर व मोटारीचा प्लग काढणे, ही कामे आपण घ्यावीत. मात्र दाणे टाकणे आणि नवी झालर फुटली का हे रोज पाहणे आजी-आजोबांकडेच राहू द्यावे. धोका वाटतो म्हणून टाकीच घराबाहेर काढली, तर त्यांच्या दिवसातले एक निश्चित काम आपण काढून घेतलेले असते.