‘चारचौघी’ आम्हांस परक्या नाहीत

संपादक महाशयांस,


प्रशांत दळवी यांचे ‘चारचौघी’ हे नाटक मुंबई-पुण्याच्या सुखवस्तूंचे खूळ असून वऱ्हाडातील मायलेकींशी त्याचा सुतराम संबंध नाही, हा गेल्या अंकातील अभिप्राय वस्तुस्थितीस धरून नाही.

एक तर, १९९१ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे लेखक दळवी व दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी हे दोघेही तेव्हाच्या औरंगाबादेतील ‘जिगीषा’ संस्थेतून, म्हणजे आमच्या जिल्ह्यास लागून असलेल्या मुलखातूनच, पुढे आले.

दुसरे, विवाहित पुरुषाशी जडलेले नाते न लपविता तीन कन्यांना ताठ मानेने वाढविणारी आई दाखविली एवढ्यावरून नाटककारावर स्वैराचाराचा आरोप ठेवणे अन्याय्य आहे; कारण आईच्या निर्णयाचा भार विद्या, वैजू व विनी या मुलींना आणि त्यांच्या पेचांचा भार आईला वाहावा लागतो, हे त्याने कोठेही झाकलेले नाही.

तिसरे, एकाच अपराधाबद्दल पुरुषास सूट व स्त्रीस शिक्षा कां, हा सवाल बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून १८८२ साली केला होता. सबब, हा विषय बाहेरून आला असे येथे तरी कोणी म्हणू नये.

एवढा खुलासा छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चिखली (जि. बुलढाणा)