१५ वर्षं झाली म्हणून ट्रॅक्टर भंगारात जात नाही. पण इंजिन उघडायच्या आधी हिशोब मांडा

'१० वर्षं झालेले ट्रॅक्टर सक्तीने भंगारात जाणार' असा मेसेज गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून फिरतच असतो. मेसेज आला की दोन गोष्टी होतात. गोठ्याशेजारी उभा असलेला जुना ट्रॅक्टर मिळेल त्या भावात निघतो आणि नव्याच्या कर्जाची फाईल तयार होते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे 'जुना नीट करू की नवा घेऊ' हा प्रश्न आज घरोघरी आहे.

थोडक्यात सांगायचं तर, तीन-चार एकरवाल्यासाठी जुना ट्रॅक्टर नीट बांधून वापरणं हा बऱ्याचदा शहाणपणाचा सौदा ठरतो. कायदा त्याच्या आड येत नाही. आड येतात ते अर्धवट कागद आणि अर्धवट दुरुस्ती.

नियम नेमका काय?

मोटार वाहन कायद्यात शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वाहनात मोडतो. त्याची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओकडे तपासणी करून ती ५-५ वर्षांसाठी वाढवून मिळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं होतं आणि १० वर्षांनी सक्तीने भंगार ही बातमी खोटी असल्याचं सांगितलं होतं. १५ वर्षांनंतर नूतनीकरण बंद झालं ते सरकारी गाड्यांचं. दिल्ली-एनसीआरमधल्या जुन्या डिझेल गाड्यांवरच्या बंधनांच्या बातम्या आपल्याकडे अर्धवट पोचतात आणि घोळ तिथून सुरू होतो.

म्हणजे २००८ चा ट्रॅक्टर आज बेकायदा नाही. पण त्याची नोंदणी संपली असेल आणि तो तसाच रस्त्यावर फिरत असेल, तर ते मात्र बेकायदा आहे.

हिशोब एकराचा

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. आता एक साधं उदाहरण मांडू. नव्या ट्रॅक्टरसाठी ६ लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने घेतलं, तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज ६० हजार. जमीन ४ एकर असेल तर एकरी १५ हजार. यात मुद्दल नाही, डिझेल नाही, विमा नाही.

तेच घरचा जुना ट्रॅक्टर बांधायला दीड लाख लागले आणि तेही त्याच व्याजाने उचलले, तरी वर्षाचं व्याज १५ हजार, एकरी पावणेचार हजार. आकडे उदाहरणाचे आहेत. आपल्या गावातला नांगरट, रोटाव्हेटर आणि पेरणीचा भाडेदर घ्या, वर्षाला किती पाळ्या लागतात ते मोजा आणि तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. काही जणांना भाड्याचाच ट्रॅक्टर परवडेल, हेही कागदावर दिसेल. पण वापसा दोन-तीन दिवसांचा असतो आणि त्याच दिवसांत सगळ्या गावाला भाड्याचा ट्रॅक्टर हवा असतो. पेरणी आठवडाभर मागे पडली तर त्याची किंमत भाड्यात दिसत नाही, ती उताऱ्यात दिसते.

करातली सूट जुन्यालाही

जीएसटी कपातीची जाहिरात नव्या ट्रॅक्टरवर झाली. पण त्याच वेळी ट्रॅक्टरचे मागचे टायर-ट्यूब, हायड्रॉलिक पंप, रेडिएटर, क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स, सायलेन्सर, डिझेल टाकी अशा बऱ्याच भागांवरचा करही १८ वरून ५ टक्क्यांवर आला. दुरुस्तीत हे भाग महागात जातात. सगळेच पार्ट या यादीत नाहीत. बेअरिंगवर आजही १८ टक्केच आहे. म्हणून दुकानातून पक्कं बिल घ्या आणि कोणत्या वस्तूवर किती कर लावला ते वाचा. कच्च्या चिठ्ठीवर ही सूट तुमच्यापर्यंत पोचली की नाही, हे कळायला मार्गच नाही.

घरी काय, मिस्त्रीकडे काय?

महिंद्रा २६५, मॅसी १०३५, स्वराज ७३५, आयशर २४२, एचएमटी २५२२ ही आपल्या बांधावरची ओळखीची नावं. यांची जमेची बाजू म्हणजे यांत सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. तालुक्याचा मिस्त्री लायनर-पिस्टन बदलून इंजिन बांधू शकतो. मात्र सगळ्यांचे पार्ट सारखे सहज मिळतील असं नाही. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्राने २०१६ मध्येच मंजुरी दिली. त्यामुळे जुना घेण्याआधी पार्टच्या दुकानात विचारून या.

दोन-तीन वर्षं उभा ट्रॅक्टर लगेच सेल्फ मारून चालू करू नका. जुनं डिझेल काढा, टाकी धुवा, फिल्टर बदला. एअर क्लीनर उघडा, उंदरांची घरं तिथेच असतात. इंजिन ऑइल आणि रेडिएटरचं पाणी बदला. इंजिन आधी हाताने फिरतंय का बघा आणि डिझेल लाइनमधली हवा काढून मगच सेल्फ मारा.

चालू झाल्यावर धूर पाहा. काळा धूर म्हणजे बहुतेक वेळा नोझल, पंप किंवा जाम झालेला एअर फिल्टर. निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा हेड गॅस्केटमधून पाणी आत जातंय. काडीवरचं ऑइल दुधी दिसलं तर लगेच बंद करा, ऑइलमध्ये पाणी आहे.

ऑइल, फिल्टर, वायरिंग, ब्रेक सेटिंग, ग्रीसिंग, रंग हे घरी होतं. पंपाचं कॅलिब्रेशन, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग हे मशीनवरचंच काम, तिथे अंदाज चालत नाही. नुसत्या रिंगा बदलून झिजलेला लायनर तसाच ठेवला तर थोड्याच दिवसांत पुन्हा धूर निघतो आणि मजुरी दोनदा जाते. इंजिन बांधल्यावर पहिले ५० तास हलकं काम द्या, मग ऑइल बदला. नवीन बांधलेल्या इंजिनाला दुसऱ्याच दिवशी नांगर लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

ब्लॉकला मोठा तडा, गिअर हाऊसिंग फुटलेलं किंवा आरसी बुकाचा पत्ताच नाही, अशी स्थिती असेल तर मोह सोडा. ते खरंच भंगार आहे.

कागद आधी, रंग नंतर

घरचाच ट्रॅक्टर असेल तर नोंदणी संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करा. बाहेरचा घेत असाल तर इंजिन आणि चेसिस नंबर स्वतः आरसीशी जुळवून बघा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर फॉर्म २८. 'नंतर नावावर करू' या शब्दावर पैसे मोजले आणि मूळ मालक वारला, की वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरवर भाड्याने मुरूम-वाळू ओढली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो. मडगार्डवर माणसं बसवणं तर जिवाशीच खेळ. जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट सहसा नसते. पीटीओ शाफ्टचं कव्हर तुटलेलं असेल तर आधी ते बसवा. साडीचा पदर किंवा शर्टाची बाही ओढून घ्यायला त्याला एक क्षण लागतो. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पॅडल जोडलेले हवेत आणि ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर हवा.

धोरण नव्याकडेच झुकलेलं

महाडीबीटीवरून मिळणारं ट्रॅक्टरचं अनुदान नव्या खरेदीला आहे, जुना बांधायला नाही. म्हणजे कर्ज काढणाऱ्याला सरकारचा हात आणि आहे त्यात भागवणाऱ्याला स्वतःचा खिसा. फार मोठं काही करायची गरज नाही. आरटीओच्या तालुका शिबिरात ट्रॅक्टर नूतनीकरणासाठी पेरणीआधी एक दिवस राखून ठेवावा. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ट्रॅक्टर'चा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्या पोरांना गावातल्या जुन्या इंजिनांवर हात बसवू द्यावा. सोसायट्यांनी इंजिन दुरुस्तीसाठी पक्क्या बिलावर छोटं कर्ज द्यावं.

हे होईल तेव्हा होईल. तोवर पुढचा मेसेज आला की घाबरून ट्रॅक्टर विकू नका. आधी आरसी काढा, मुदत बघा आणि मिस्त्रीकडून लेखी अंदाज घ्या. सौदा कशात आहे ते त्या दोन कागदांवरून कळेल.