मुदत, मुदतवाढ आणि कर्मचारी

नोव्हेंबर महिना उजाडला, की बँकांच्या शाखांतून सेवानिवृत्तांची गर्दी दिसू लागते. हयातीचा दाखला देण्याची ही मुदत कोणालाही अपरिचित नाही. ती दरवर्षी याच महिन्यात येते. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय दाखल्याची सोय सुरू झाली. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय सेवानिवृत्तांना तर ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा आहे. तरीही दाखल्याअभावी काहींचे निवृत्तिवेतन थांबते आणि मग धावपळ सुरू होते. वार्धक्यात अशी चूक झाली, तर ती क्षम्यच मानली पाहिजे. परंतु ज्या सवयीतून ती उद्भवते, ती सवय पुष्कळदा वार्धक्यात जडलेली नसते. नोकरीच्या पहिल्या वर्षीच ती जडते. आपल्या हक्काचे कागद सांभाळणे हे कचेरीचे काम आहे, आपले नव्हे, या समजुतीचे ते फळ असते.

या समजुतीत एक विचित्र विसंगती आहे. परीक्षेचा अर्ज एक दिवस उशिरा आणणाऱ्या विद्यार्थ्याला विलंबशुल्क भरावयास लावणारा शिक्षक आणि एक जोडपत्र कमी आहे म्हणून नस्ती परत पाठविणारा लिपिक, हे दोघेही कागदाचे महत्त्व इतर कोणाहूनही अधिक जाणतात. परंतु स्वतःचे नामनिर्देशनपत्र शेवटचे केव्हा पाहिले, असे विचारल्यास त्यांच्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल, याची शंकाच आहे. दुसऱ्याच्या कागदाबाबत काटेकोर असणारा नोकरदार स्वतःच्या कागदाबाबत मात्र दैवावर हवाला ठेवतो.

नोंदींची किंमत

सेवापुस्तकाचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेच्या सर्वसाधारण शर्तींचे नियम १९८१ चे आहेत. कार्यालयप्रमुखाने दरवर्षी कर्मचाऱ्याला त्याचे सेवापुस्तक दाखवून त्याची स्वाक्षरी घ्यावी, असे ते सांगतात. याच नियमांनुसार, १६ ऑगस्ट १९८१ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जन्मतारखेच्या नोंदीत बदल हवा असल्यास सेवाप्रवेशापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. पाच वर्षे हा काही थोडा काळ नव्हे. तरीही निवृत्तीच्या उंबरठ्यावर तारीख दुरुस्त करून मागणारे अर्ज येतात आणि न्यायालयांनी अशा उशिराच्या मागण्या वारंवार अमान्य केल्या आहेत. वेतननिश्चितीतील चुकीचेही तसेच. वीस वर्षांपूर्वीची चूक वेतन पडताळणी पथकाच्या नजरेस निवृत्तीच्या सुमारास पडते. ती करणारा लिपिक केव्हाच बदलून गेलेला असतो; प्रकरण मात्र ज्याचे त्याचेच अडते.

नामनिर्देशनाची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तेथे किंमत मोजणारा माणूसच वेगळा असतो. कुटुंब नसलेल्या कर्मचाऱ्याने भावाचे नाव लिहून दिले आणि पुढे त्याचा विवाह झाला, तर १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेनुसार ते नामनिर्देशन आपोआप रद्द ठरते. नवे द्यावे लागते. ते देण्याचे राहून गेले आणि कर्मचारी अकाली गेला, तर कुटुंबाचा हक्क बुडत नाही. पण तो सिद्ध करण्यासाठी दाखले गोळा करण्याचे काम दुःखात बुडालेल्या पत्नीच्या वाट्याला येते. आपल्याकडे विवाहानंतर बहुतेक स्त्रियांचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. जुन्या कागदावर माहेरचे नाव, नव्यावर सासरचे, एवढ्यानेही प्रकरण अडते. या निधीला जोडूनच १९७६ पासून विमा योजना आहे आणि तिच्या लाभाची कमाल मर्यादा २०२१ मध्ये सात लाख रुपये झाली. परंतु अशी योजना आहे हेच घरात कोणाला ठाऊक नसेल, तर तिची मागणी करणार कोण?

मुदतवाढीचे दोन प्रकार

अशा वेळी मुदतवाढीचा धोशा लावण्याची आपल्याकडे प्रथा आहे. सगळ्याच मुदतवाढी मात्र एका मापाने मोजता येणार नाहीत. वाढीव निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल देताना, संयुक्त विकल्प देण्यासाठी पात्र कर्मचाऱ्यांना आणखी चार महिने दिले. नियमांच्या अर्थाविषयी आधी पुरेशी स्पष्टता नव्हती, हे त्यामागचे कारण होते. ही मुदतवाढ न्याय्य होती; जेथे नियमच संदिग्ध, तेथे न भरलेल्या अर्जाचा दोष कर्मचाऱ्यावर लादता येत नाही. त्यानंतरही ही मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. परंतु त्याच निकालाची दुसरी बाजू विसरता कामा नये. विकल्प न देता १ सप्टेंबर २०१४ पूर्वी जे निवृत्त झाले, त्यांना या लाभाचा दरवाजा बंदच राहिला. वेळेवर न दिलेल्या एका कागदाचा परिणाम उरलेल्या आयुष्यभर पुरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. तिचा विकल्प देण्याची मुदत प्रथम ३० जून होती. ती ३० सप्टेंबरवर गेली आणि पुढे ३० नोव्हेंबरवर. दरम्यान योजनेत काही सवलतींची भर पडत असल्याने विचाराला वेळ देणे सयुक्तिक होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि तारीख पुन्हा पुन्हा पुढे सरकली, की पुढची तारीखही खरी नसावी, अशी अटकळ बांधण्यास नोकरदार शिकतो. आणि एखाद्या वेळी ती खरी ठरते, तेव्हा नुकसान त्याचेच होते. सवयीची मुदतवाढ ही दया नव्हे. ती बेफिकिरीची शिकवणी आहे.

याचा अर्थ सारा दोष कर्मचाऱ्याच्या माथी मारावा, असा मुळीच नाही. जबाबदारी टाकावयाची तर ती पेलण्याचे साधनही हाती दिले पाहिजे. दरवर्षी सेवापुस्तक दाखविण्याचे काम कार्यालयप्रमुखाचे आहे. पण घाईघाईने स्वाक्षरीपुरते पान उघडले, तर नियमाचे पालन होते, हेतूचे होत नाही. परिपत्रके अशा भाषेत निघतात, की ती समजून घेण्यासाठी आणखी एका परिपत्रकाची गरज भासावी. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी सूचनाफलकावर कागद लावावयाचा आणि दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांना निष्काळजी ठरवावयाचे, हा न्याय नव्हे. आस्थापना शाखेतील लिपिकाचीही बाजू आहे. साऱ्या कर्मचाऱ्यांचे अर्ज शेवटच्या आठवड्यात त्याच्या मेजावर येऊन पडले, तर त्यात चुका होणारच.

तेव्हा उपाय दोन्ही बाजूंनी व्हावयास हवा. वर्षातील एक निश्चित दिवस सेवापुस्तक आणि नामनिर्देशन तपासण्यासाठी राखून ठेवावा. मुदतीची सूचना सोप्या मराठीत आणि पुरेशी आधी मिळावी. तीत शेवटची तारीख आणि ती चुकल्यास होणारा परिणाम या दोन्ही गोष्टी स्पष्ट असाव्यात. दिलेल्या प्रत्येक अर्जाची दिनांकित पोच मिळावी. मुदत वाढवावयाची झाल्यास कारण जाहीर करून वाढवावी आणि कारण नसल्यास वाढवू नये. एवढे झाल्यावर मात्र ‘मला कोणी सांगितले नाही’ ही सबब चालू देऊ नये. कर्मचारी संघटनांनीही यात भाग घ्यावा. महागाईभत्त्यासाठी मोर्चा काढणे जितके आवश्यक, तितकेच सभासदाला त्याचे नामनिर्देशनपत्र भरावयास लावणेही आवश्यक आहे.

आणि एक गोष्ट तर कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता करता येण्यासारखी आहे. निधीचा खातेक्रमांक, विम्याची कागदपत्रे, सेवापुस्तकाची दुय्यम प्रत आणि नामनिर्देशनाची नक्कल कोठे ठेवली आहे, हे घरातील दुसऱ्या एका माणसाला ठाऊक असले पाहिजे. पगार किती मिळतो, हे आपल्याकडे पत्नीला सहसा ठाऊक असते. आपल्या पश्चात काय मिळेल, हे सांगणे मात्र अभद्र मानले जाते. ही समजूत टाकून दिली पाहिजे. हक्क कायद्याने मिळतो हे खरे. पण तो घरापर्यंत पोहोचतो, तो वेळेवर भरलेल्या कागदाच्या वाटेने. ती वाट मोकळी ठेवण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही.